वगळलेल्यांची नोंदवही

जॉश गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी गेला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. पिट्सबर्गच्या ॲलेगेनी दफनभूमीत त्याला पुरलं. त्याच्या कबरीवर नावाचा दगड लागला तो १९७५ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. त्याच्या तीन वर्षं आधीच बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला मानाची जागा मिळाली होती. हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या कूपर्सटाउनच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी होती आणि जिथे तो माणूस पुरला होता तिथे नुसतं गवत होतं. मग २९ मे २०२४ रोजी मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलने, निग्रो लीगचे, म्हणजे गिब्सनसारख्या काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांचे आकडे आपल्या अधिकृत आकडेवारीत धरले. संपूर्ण कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबचं नाव वर्षानुवर्षं पहिलं होतं, ०.३६७. आता पहिलं नाव गिब्सनचं आहे, ०.३७२.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, म्हणून एक खुलासा. बेसबॉलमधली ही सरासरी म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर हजार संधींमागे बॅटरने किती वेळा हिट मारला याचा हिशेब. हजारात तीनशे जमले तरी तो उत्तम बॅटर. गिब्सन कॅचर होता, म्हणजे प्रत्येक डावात उकिडवं बसून चेंडू झेलायचे, गुडघे आणि बोटं झिजवायची, आणि मग उठून बॅट हातात घ्यायची. असं करून त्याने हे आकडे काढले. १९४३ च्या सुरुवातीला तो बेशुद्ध होऊन रुग्णालयात पडला होता. मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं, शस्त्रक्रियेला त्याने नकार दिला, आणि त्याच वर्षीच्या हंगामात ०.४६६ च्या सरासरीने खेळला. आज अधिकृत यादीत एका हंगामातली ती सर्वोच्च सरासरी आहे.

हे सगळं १९४३ मध्येच घडलेलं होतं. ते मैदानात बसून पाहणारे हजारो लोक होते. मग ते 'अधिकृत' व्हायला ८१ वर्षं का लागली?

अशा खेळाडूंबद्दल लिहिताना मराठीत एक ठरलेला शब्दप्रयोग येतो: 'काळाच्या पडद्याआड गेले'. मला तो आता वाचवत नाही. त्यात सगळा दोष काळावर जातो, आणि काळाला कोणी जाब विचारू शकत नाही. बेसबॉलचा इतिहास जितका वाचत गेलो तितकं एक पक्कं होत गेलं की हा पडदा माणसांनी ओढला. बैठका घेऊन, मतं मोजून, कधी कागदावर तर कधी मुद्दाम कागद टाळून. आणि जे माणसांनी नियम करून घडवलं, ते हळहळून, आठवणींचे कार्यक्रम करून किंवा भावुक चित्रफिती दाखवून निस्तरत नाही. त्यालाही नियमच लागतो, आणि त्या नियमामागे पैसा लागतो.

कागदावरचं उदाहरण आधी घेऊ. १९६८ मध्ये बेसबॉलच्या धुरिणांनी नोंदींसाठी एक विशेष समिती नेमली. कोणत्या स्पर्धांना 'मेजर लीग' म्हणायचं हे तिने ठरवायचं होतं. समितीत पाच जण होते, पाचही गोरे. त्यांनी सहा लीगना हा दर्जा दिला. त्यात १८८४ ची युनियन असोसिएशन होती. ती जेमतेम एक हंगाम चालली, अर्ध्यात संघ गुंडाळले गेले, आणि तिचा दर्जा किती कच्चा होता हे अभ्यासक आजही सांगतात. निग्रो लीगचा मात्र साधा विचारही त्या बैठकीत झाला नाही. (निग्रो लीग हे त्या स्पर्धांचं तेव्हाचं नाव. इतिहास सांगताना ते बदलता येत नाही.) १९२० ते १९४८ या काळातल्या सात लीग, दोन हजारांहून जास्त खेळाडू, आणि त्यांना नकारसुद्धा मिळाला नाही. चर्चा होऊन नकार आला असता तर निदान त्याची कारणं इतिवृत्तात सापडली असती आणि पुढच्या कोणाला ती खोडून काढता आली असती.

जिथे कागदच नाही ते उदाहरण याहून जुनं आणि जास्त बोचणारं. मोझेस फ्लीटवूड वॉकर. मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू म्हणून जगाला जॅकी रॉबिन्सन माहीत आहे, १५ एप्रिल १९४७. वॉकर त्याच्या ६३ वर्षं आधी, १ मे १८८४ ला, टोलेडो ब्लू स्टॉकिंग्जकडून मेजर लीगमध्ये उतरला होता. तोही कॅचर. त्या काळी कॅचरच्या हातात आजच्यासारखा जाड मिट, म्हणजे हातमोजा, नसायचा. वेगाने येणारा चेंडू जवळजवळ उघड्या हातांनी घ्यायचा. त्याच्याच संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टोनी मुलेन याने उतारवयात एक कबुली दिली: आपण ज्यांच्यासोबत खेळलो त्यांत वॉकर सर्वांत चांगला कॅचर होता, पण काळ्या माणसाच्या खुणा पाळणं आपल्याला रुचत नव्हतं, म्हणून खुणेकडे न बघता मनाला येईल तो चेंडू आपण टाकायचो. मिटशिवाय बसलेल्या कॅचरला कोणता चेंडू येतोय हे ठाऊक नसणं म्हणजे काय, हे ज्याने उघड्या हाताने सीझनच्या चेंडूचा झेल घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको. असे ४२ सामने वॉकर खेळला आणि तरीही ०.२६३ ची सरासरी राखली. रिचमंडला सामना होता तेव्हा वॉकर मैदानावर दिसला तर जमाव चाल करून येईल, असं धमकीचं पत्र संघाच्या व्यवस्थापकाला आलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी शिकागोचा संघ टोलेडोत प्रदर्शनी सामना खेळायला आला होता. त्यांचा कर्णधार कॅप ॲन्सन म्हणजे त्या काळचा सर्वांत मोठा तारा. काळा खेळाडू मैदानात असेल तर आपण खेळणार नाही, असं तो म्हणाला. वॉकरचा हात दुखावला होता, तो त्या दिवशी बसणारच होता. पण हे ऐकल्यावर टोलेडोच्या व्यवस्थापकाने त्याला मुद्दाम मैदानात उतरवलं. खेळला नाहीत तर तिकिटांच्या पैशातला वाटा मिळणार नाही, असं सांगितल्यावर ॲन्सन निमूट खेळला. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. वंशद्वेषाला 'त्या काळाची रीत' म्हणणाऱ्यांनी तो नीट वाचावा. त्याच काळात, त्याच मैदानावर दुसऱ्या एका गोऱ्या माणसाने वेगळा निर्णय घेतला होता, आणि पैशाचा प्रश्न आल्यावर रीत एका क्षणात वाकली होती.

चार वर्षांनी कोणी तसं उभं राहिलं नाही. १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी मतदान करून ठरवलं की यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. मेजर लीगने तर मतदानाचेही कष्ट घेतले नाहीत. मालकांमध्ये एक समजूत होती, ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि ती साठ वर्षं पाळली गेली. वॉकर १८८९ पर्यंत खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. पुढे त्याने एका शोधाचं पेटंट घेतलं, ओहायोत नाट्यगृह चालवलं, आणि १९०८ मध्ये एक पुस्तिका लिहिली. अमेरिकेत काळ्या माणसाला न्याय मिळणं शक्य नाही, सगळ्यांनी आफ्रिकेत परत जावं, असं तिचं म्हणणं. ते मला पटत नाही. पण बोटं मोडून घेऊन ज्या खेळाची सेवा केली त्याने दार लावून घेतल्यावर एक सुशिक्षित, तल्लख माणूस या टोकाला पोचला, याचा हिशेब कुठल्या आकडेवारीत मांडायचा? १९२४ मध्ये तो वारला. त्याच्याही कबरीवर दगड लागायला १९९० उजाडलं.

वॉकरच्याही आधी, १८७९ मध्ये, विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा विद्यार्थी प्रॉव्हिडन्सकडून एकच सामना खेळला होता. त्याची आई गुलाम आणि बाप तिचा मालक. तो गोरा म्हणून वावरला आणि जनगणनेतही गोरा म्हणूनच नोंदला गेला. मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू कदाचित तोच असेल, असं संशोधक म्हणतात. ज्याला खेळण्यासाठी आपलं असणंच लपवावं लागलं त्याला 'पहिला' म्हणावं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

२०२४ च्या निर्णयावर घेतलेले आक्षेप मी गंभीरपणे वाचले आहेत. ते सगळे काही द्वेषातून आलेले नाहीत. निग्रो लीगचे हंगाम छोटे होते, साठ-ऐंशी सामन्यांचे. गिब्सनची ०.४६६ ही सरासरी सत्तरेक सामन्यांची आहे, कॉब मात्र दीडशे सामन्यांचे हंगाम खेळला. शिवाय पुष्कळ सामन्यांचे गुणतक्ते सापडतच नाहीत. नोंदी तयार करणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं आहे की सुमारे तीन चतुर्थांश माहितीच हाती लागली आहे. मग अपुऱ्या आकड्यांना पूर्ण आकड्यांच्या शेजारी बसवायचं कसं?

याचं उत्तर बेसबॉलनेच देऊन ठेवलं आहे. २०२० मध्ये करोनामुळे मेजर लीगचा हंगाम ६० सामन्यांचा झाला आणि त्यातले सगळे विक्रम, सगळे विजेते अधिकृत धरले गेले. छोटा हंगाम साथीमुळे झाला तर चालतो आणि वर्णभेदामुळे झाला तर चालत नाही, असं म्हणता येणार नाही. गुणतक्ते हरवले याचंही कारण उघड आहे. गोऱ्या वृत्तपत्रांनी ते छापले नाहीत. जे टिकले ते काळ्या समाजाच्या साप्ताहिकांत टिकले आणि संशोधकांनी वर्षानुवर्षं मायक्रोफिल्म चाळून ते एकेक करून वेचले. ज्याने वही लपवली त्यानेच वही अपुरी असल्याची तक्रार करू नये. आणि अपुरेपणा दोन्ही बाजूंना आहे. बेब रूथ किंवा टाय कॉब यांना लीगच्या सामन्यात कधीही निग्रो लीगमधल्या सॅचल पेजसारख्या पिचरसमोर उभं राहावं लागलं नाही. त्यांचे आकडे पूर्ण दिसतात, कारण त्यातून कोण वगळलं गेलं हे आकड्यांत दिसत नाही.

खुद्द गिब्सनच्या बाबतीतही नोंद प्रामाणिक राहिली, हे मला विशेष आवडलं. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या पाटीवर 'जवळपास ८००' होम रनचा उल्लेख आहे. गावोगावी फिरून खेळलेले प्रदर्शनी सामने धरून लोकांच्या तोंडी झालेला तो आकडा. अधिकृत यादीत त्याचे होम रन दोनशेपेक्षाही कमी आहेत. दंतकथा बाजूला ठेवून सिद्ध झालं तेवढंच मोजलं, आणि तेवढ्यावरही तो पहिला आला.

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकाला पळवणकर बाळूंची आठवण येणं स्वाभाविक आहे. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखणारा, नेटमध्ये गोऱ्या साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकणारा हा दलित मुलगा. हिंदूंच्या संघाला जिंकण्यासाठी तो हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीही मिळालं नाही. पुढे १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला. ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही, तिच्यात एक फरक आहे आणि तोच मला इथे दाखवायचा आहे. धर्मावर वाटणी केलेले मुंबईचे ते सामने क्रिकेटच्या नोंदीत प्रथम श्रेणीचे धरले गेले. त्यामुळे इंग्लंड दौऱ्यातले धरून बाळूचे प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी अधिकृत आहेत, ते शोधायला कोणाला मायक्रोफिल्म चाळावी लागली नाही. आणि तरीही आपण त्याला विसरलोच. म्हणजे नोंदवही उघडली की सगळं झालं, असंही नाही. नोंद ही पहिली पायरी आहे. ती नसेल तर पुढे जाताच येत नाही, पण तिच्यावरच बसून राहिलं तरी पुढे जाता येत नाही.

अमेरिकेत आज नेमकं हेच होताना दिसतं. आकडे दुरुस्त झाले, टाळ्या झाल्या, आणि आता झालं की सगळं, असा सूर लागतो.

टोनी स्टोनचं उदाहरण घ्या. १९५३ मध्ये ती निग्रो लीगमधल्या इंडियानापोलिस क्लाउन्सकडून दुसऱ्या बेसवर खेळली. आदल्या वर्षी याच संघात, पुढे मेजर लीगचा मोठा तारा झालेला हँक ॲरन होता. महिलांची एक व्यावसायिक बेसबॉल लीग १९४३ पासून अमेरिकेत सुरू होती, पण तिच्यात काळ्या मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून टोनी पुरुषांच्या संघात खेळली. प्रेक्षकांची गंमत म्हणून स्कर्ट घालून खेळ, असं मालकाने सुचवलं तेव्हा तिने साफ नकार दिला. तिच्यामागून मेमी जॉन्सन आणि कॉनी मॉर्गन आल्या. मेमी पिचर होती. महिलांच्या लीगच्या निवड चाचणीला ती गेली होती आणि तिथून तिला दारातूनच परत पाठवलं गेलं होतं.

या तिघी २०२४ च्या नव्या नोंदीत नाहीत. कारण साधं आहे. नोंदीसाठी धरलेला काळ १९४८ ला संपतो. रॉबिन्सननंतर चांगले काळे खेळाडू मेजर लीगमध्ये जाऊ लागले आणि निग्रो लीगचा दर्जा उतरला, म्हणून १९४८ ही मर्यादा. क्रीडाशास्त्र म्हणून हे पटण्यासारखं आहे, आणि ती मर्यादा सरकवा असं मी म्हणत नाही. पण याचा परिणाम काय झाला ते बघा. महिलांच्या लीगने वर्णामुळे बाहेर ठेवलं, मेजर लीगने वर्ण आणि स्त्रीत्व दोन्हींमुळे, आणि न्याय करायला बसलेल्या समितीच्या वहीत तारखेमुळे जागा झाली नाही. कुंपण घालणारा प्रत्येक जण आपापल्या जागी वाजवी बोलत होता आणि प्रत्येक कुंपणाबाहेर त्याच बायका होत्या. यांच्यासाठी वेगळी नोंद करता येते, त्यासाठी पैसाही फारसा लागत नाही. ती व्हायला हवी.

आता पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. कारण यातली काही माणसं आज जिवंत आहेत.

मेजर लीगच्या खेळाडूंना पेन्शन मिळते. पूर्वी त्यासाठी चार वर्षांची सेवा लागायची. १९८० मध्ये संपाच्या उंबरठ्यावर मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत तडजोड झाली आणि अट एकदम खाली आली: संघात ४३ दिवस काढले की पेन्शनचा हक्क. फार चांगली सुधारणा होती ती. फक्त ती मागच्यांना लागू केली नाही. १९४७ ते १९७९ दरम्यान तीन वर्षं अमुक दिवस खेळलेला माणूस, ज्याची चार वर्षं दुखापतीमुळे किंवा संघाने काढल्यामुळे भरली नाहीत, तो पूर्ण कोरडा राहिला. आणि १९८० नंतर जेमतेम दीड महिना बाकावर बसलेला पेन्शनीत गेला. असे हजारेक खेळाडू होते.

२०११ मध्ये त्यांच्यासाठी एक तोडगा निघाला. प्रत्येक ४३ दिवसांच्या सेवेमागे वर्षाला ६२५ डॉलर, जास्तीत जास्त १०,००० डॉलर. २०२२ च्या करारात ही कमाल मर्यादा ११,५०० झाली. पण हिला पेन्शन म्हणत नाहीत, म्हणूनही चालणार नाही. खेळाडू वारला की रक्कम बंद. बायकोला काही नाही. आरोग्य विमाही नाही. ८६ दिवस खेळलेल्या माणसाला २०११ च्या दराने वर्षाला १,२५० डॉलर मिळत. ज्या उद्योगाची वर्षाची उलाढाल दहा अब्ज डॉलरच्या वर आहे, त्याने दिलेली ही रक्कम.

हे असं का राहिलं याचं कारण कोणाच्या दुष्टपणात शोधू नये. करार मालक आणि विद्यमान खेळाडू यांच्यात होतो. निवृत्त खेळाडू संघटनेचे सभासद नसतात, त्यांच्या वतीने भांडायचं कायदेशीर बंधन संघटनेवर नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या कोणालाही त्यांच्यासाठी काही सोडावं लागत नाही. दोन्ही बाजू सभ्य माणसांच्या असू शकतात आणि तरी मधला माणूस उपाशी राहू शकतो. आपल्याकडच्या गिरणी कामगारांच्या घरात वाढलेल्यांना हे उलगडून सांगायची गरज नाही.

यात एक क्लेशदायक प्रकरणही घडलं. १९९७ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगच्या वृद्ध खेळाडूंना आर्थिक मदत सुरू केली, ती योग्यच होती. पण मग पेन्शनला मुकलेल्या काही माजी खेळाडूंनी त्यावर भेदभावाचा दावा ठोकला: त्यांना मिळतं, आम्हाला का नाही? २००६ मध्ये अपील न्यायालयातही तो दावा टिकला नाही. न्यायालयाचा निर्णय मला मान्य आहे, पण त्या दाव्याची कागदपत्रं वाचून वाईट वाटलं. वगळलेली दोन माणसं एकमेकांच्या ताटाकडे बघत होती, आणि पंगत ज्याच्या घरची होती तो बाजूला राहिला होता.

ही संपत्ती उभी राहिली तीही अशाच एका माणसाच्या जिवावर. सेंट लुइस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लडला १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आलं. मी इकडून तिकडे विकायची मालमत्ता नाही, असं त्याने आयुक्तांना लिहून कळवलं आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. त्याच्या सुनावणीला एकही विद्यमान खेळाडू साक्षीला आला नाही. त्याची कारकीर्द या लढ्यातच संपली. तीनच वर्षांनी लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडूंना संघ निवडायचं स्वातंत्र्य मिळालं. आजचे कोट्यवधींचे करार तिथून सुरू होतात. फ्लड २० जानेवारी १९९७ ला गेला, गिब्सनच्या बरोबर ५० वर्षांनी. हॉल ऑफ फेममध्ये तो अजूनही नाही.

मला कोणी विचारेल की मूनलाइट ग्रॅहमचं काय? १९०५ मध्ये तो न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच सामना खेळला, बॅट हातात घ्यायची वेळच आली नाही, मग मिनेसोटातल्या एका खाणगावात आयुष्यभर डॉक्टर म्हणून राहिला. आज लाखो लोकांना त्याचं नाव ठाऊक आहे, कारण एका कादंबरीत आणि पुढे तिच्यावरच्या चित्रपटात तो आला. मला त्याची गोष्ट फार आवडते. पण ती एका कादंबरीकाराच्या नजरेला पडली म्हणून वाचली. हजार जणांत एखाद्याला असा लेखक भेटतो. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांसाठी लेखकाची वाट बघत बसायचं, असं धोरण होऊ शकत नाही.

२०२२ चा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. पुढच्या करारासाठी मालक आणि खेळाडू टेबलाशी बसतील तेव्हा पगाराची मर्यादा, हंगामाची लांबी, प्रक्षेपणाचे हक्क, सगळं येईल. त्यात दोन ओळी घालता येतील. १९८० ची ४३ दिवसांची अट १९४७ पासून लागू करा, आणि खेळाडू गेल्यावर ती रक्कम त्याच्या जोडीदाराला चालू ठेवा. या खेळाडूंमधले बहुतेक आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. १९७९ मध्ये विशीत पहिला सामना खेळलेला त्यांतला सर्वांत तरुण माणूससुद्धा आता साठी ओलांडून बसला आहे.